कोऱ्या चौकटीचा अर्थ कोण लावणार?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात एखादी योजना 'अचानक बंद' झालीये त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

आपल्याकडे १ जूनला जेवढे वाढदिवस असतात तेवढे दुसऱ्या कुठल्या दिवशी नसतील. सकाळी मोबाइल उघडला की सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दोन रिटायर हेडमास्तर आणि निम्मी भावकी, सगळे एकाच दिवशी जन्मलेले. कारण सगळ्यांना माहीत आहे. पोरगं शाळेत आणलं, डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरता येतो का बघितलं, आला हाताला तर बसला पहिलीत. जन्मतारीख कुणालाच माहीत नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजींनी १ जून टाकून दिली. पुढं आधार आलं. कागद नसलेल्या माणसानं वय अंदाजे सांगितलं की आधारवर त्या वर्षाची १ जानेवारी पडते. मतदार यादीत वय आणखी तिसरंच, कारण तिथं बीएलओनं चेहरा बघून लिहिलेलं.

एका माणसाला तीन वयं. इतकी वर्षं यानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण हे तीन कागद तीन वेगळ्या कपाटांत होते. शाळेचं कपाट शाळेत, तहसीलचं तहसीलला. आता ही कपाटं एकमेकांना जोडली जाताहेत. आणि जोडताना जे निसटतं त्याबद्दल आपण पत्रकार लोक फारसं लिहीत नाही. 'इतके लाख अपात्र' एवढा आकडा छापला की बातमी संपली.

आमच्या गावचा एक मुलगा पुण्यात बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. दिवाळीत आला होता, तेव्हा त्याला गाठून बसवला आणि म्हटलं, हे नेमकं होतं कसं ते मला नीट समजावून सांग, तुझ्या भाषेत नको, माझ्या भाषेत. त्यानं सांगितलं ते असं. समजा पुरवठा खात्याचा डेटाबेस एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि परिवहन खात्याचा दुसऱ्या. दोन्ही वेगळ्या मशिनवर, वेगळ्या शहरात. तरी एकात बसून दुसऱ्यातलं विचारता येतं. ओरॅकलमध्ये त्याला 'डेटाबेस लिंक' म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'लिंक्ड सर्व्हर', पोस्टग्रेसमध्ये 'फॉरेन डेटा रॅपर'. नावं वेगळी, काम एकच. दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली आपल्या टेबलाच्या खणात ठेवायची. मग आपल्याच टेबलावरून प्रश्न विचारायचा, 'माझ्या यादीतल्या ज्या लोकांच्या नावावर तुझ्याकडे गाडी आहे, ते दाखव.' उत्तर असं येतं जणू दोन्ही याद्या एकाच वहीत होत्या.

हे सगळं ऐकून मला तरी नवल वाटलं नाही. कारण तालुक्याचे पत्रकार हेच काम हातानं करत आलोत. एका हातात रोजगार हमीचं मस्टर, दुसऱ्या हातात ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर. वारलेला माणूस बांधावर माती टाकायला आलेला दिसला की बातमी तयार. एक्सेलमध्ये 'व्हीलूकअप' शिकल्यापासून ते काम दोन दिवसांऐवजी दोन तासांत होतं. म्हणजे याद्या जोडण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. माझा अर्धा धंदा त्यावर चाललाय.

फरक एवढाच की माझ्या हातात मस्टर असतं तेव्हा नाव जुळलं तरी मी गाडीला किक मारून त्या वस्तीवर जातो आणि विचारतो, मेलेला तो हाच का? मशिनला किक मारता येत नाही.

आता जोडणीतली खरी मेख. दोन याद्या जोडायला दोन्हीत एक समान खूण लागते. गोठ्यातली दोन जनावरं एकाच मालकाची आहेत हे कानातल्या बिल्ल्यावरून ओळखायचं, तसं. आधार नंबर दोन्हीकडे असेल आणि बरोबर असेल तर खूण पक्की. नसेल तर उरतं नाव. आणि नावाचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. लग्नाआधी बापाचं नाव, नंतर नवऱ्याचं. सासरी बदललेलं नाव वेगळंच. आधारवर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत दोन्ही. मराठीतलं वाघमारे इंग्रजीत व्ही घालून लिहायचं की डब्ल्यू घालून, हे त्या दिवशी सेतू केंद्रात बसलेल्या पोरावर अवलंबून. माणसाला दोन्ही वाघमारे एकच दिसतात. मशिनला एक अक्षर वेगळं म्हणजे माणूस वेगळा. आणि उलटंही. एकाच तालुक्यात 'मारुती बाबुराव शिंदे' किती असतील? नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरलं तर एकाच्या ट्रॅक्टरचं पाप दुसऱ्याच्या माथी.

लाडकी बहीण घ्या. २८ जून २०२४ ला योजना निघाली. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १५०० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात आयकर भरणारा नको, सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. अर्ज घेतले तेव्हा निवडणूक तोंडावर होती, त्यामुळं तपासणी जेमतेम. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही माफ. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले. तेव्हा कुणी कुणाची यादी कशाला जोडायला जाईल?

निवडणूक झाली आणि मग जोडाजोड सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की पाच लाख महिला अपात्र ठरल्या. त्यातल्या २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेतल्या, १ लाख १० हजार ६५ वर्षांवरच्या, उरलेल्या १ लाख ६० हजारांत चारचाकीवाल्या, नमोशक्ती योजनेतल्या आणि स्वतःहून नाव काढून घेतलेल्या. जुलै २०२५ मध्ये आकडा गेला २६ लाख ३४ हजारांवर. या वेळी निराळ्या खात्यांच्या माहितीवरून माहिती तंत्रज्ञान विभागानं कळवलं की एवढे लाभार्थी अपात्र 'दिसतात', म्हणून जूनपासून त्यांचा लाभ 'तात्पुरता स्थगित', आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शहानिशा करायची. त्यातच १४ हजारांवर पुरुष सापडल्याच्या बातम्या आल्या. बापे लोक लाडक्या बहिणीचे पैसे खात होते, हे जोडणीमुळेच उघडं पडलं. ते चांगलंच झालं. कुणी पकडलं याचं श्रेय यंत्राला द्यायला मला अडचण नाही.

पण वरचा क्रम पुन्हा वाचा. आधी स्थगित, मग शहानिशा.

६५ वर्षांवरच्या १ लाख १० हजारांचं बघा. आता आठवा तो १ जानेवारीवाला आधार. ज्या बाईनं कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही तिचं वय आधारच्या कॅम्पमध्ये कुणी ठरवलं? सुनेनं सांगितलं, 'असंल साठ.' ऑपरेटरनं तेच टाकलं. आता त्या अंदाजाला कायद्याची धार आली. यातल्या बहुतेक बायका खरोखर ६५ वर्षांवरच्या असतीलही. पण ज्या नाहीत, त्यांना ते सिद्ध करायचं तर दुसरा कागद लागतो, आणि दुसरा कागद नव्हता म्हणूनच तर अंदाज लावला होता.

चारचाकीचं प्रकरण याहून मजेशीर. परिवहन खात्याच्या 'वाहन' या डेटाबेसमध्ये गाडी असते, मालकाचं नाव असतं, पत्ता असतो. कुटुंब नावाचा रकाना त्यात नसतो. असायचं कारणही नाही, गाडी माणसाच्या नावावर असते, खानदानाच्या नाही. आणि योजनेची अट काय तर 'कुटुंबात' चारचाकी नको. मग गाडीपासून बाईपर्यंत पोचायचं कसं? मधे तिसरी यादी लागते, ती म्हणजे रेशनकार्ड. आता योजनेच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. रेशनकार्डावरचं कुटुंब म्हणजे आजोबांनी पंचवीस वर्षांपूर्वी काढलेलं कार्ड, त्यात सासू, सासरे, दीर, जाऊ, त्यांची पोरं, कधीकधी लग्न होऊन गेलेली नणंदसुद्धा.

आमच्या तालुक्यातल्या एका ताईंचं हेच झालं. दिरानं जुनी ओम्नी घेतली, सेकंडहँड, भाजी वाहायला. चूल सात-आठ वर्षांपासून वेगळी. रेशनकार्ड मात्र फोडलेलं नाही, कारण कार्ड फोडायला तहसीलला पाच चकरा. ताईंच्या घरात सायकलसुद्धा नाही. हप्ता बंद. कार्यालयात विचारलं तर उत्तर एकच, 'वरूनच आलंय.' वरून म्हणजे कुठून, गाडीवरून की वयावरून की बँकेवरून, ते त्या बाबूलाही दिसत नव्हतं. त्याच्या स्क्रीनवर एकच शब्द होता. त्या बिचाऱ्यावर चिडून उपयोग नाही, त्याला किल्लीच दिलेली नाही. त्याला फक्त निकाल दिसतो.

गाडी विकलेली असली तर आणखी गंमत. आपल्याकडे जुनी गाडी विकताना टीटी फॉर्मवर सही करून दिली की माणूस मोकळा झाला असं समजतो. घेणारा वर्षानुवर्षं नाव बदलत नाही. म्हणजे कागदावर गाडी अजून तुमचीच. आरटीओच्या दृष्टीनं ती नोंद बरोबरच आहे. त्यांच्या कामापुरती ती चालते, चलान कुणाला पाठवायचं एवढंच त्यांना हवं असतं. तीच नोंद 'या घरात श्रीमंती आहे' या अर्थानं दुसऱ्या खात्यानं वाचली की घोटाळा. प्रत्येक वही कशासाठी तरी लिहिलेली असते. दुसऱ्या कामाला वापरली की तिच्यातल्या शब्दांचे अर्थ बदलतात. आयकराचंही तसंच. कर्ज काढायला म्हणून शून्य कराचं रिटर्न भरलेला माणूस आणि खरा कर भरणारा माणूस, दोघंही 'आयकरवाले'. नियमात शब्द आहे आयकर भरणारा. यादी कुठली मागवली, भरणाऱ्यांची की रिटर्नवाल्यांची, हा प्रश्न पीएम-किसानपासून उभा आहे आणि लाभार्थ्याला त्याचं उत्तर कुणी देत नाही.

ऑस्ट्रेलियात यातलंच एक प्रकरण केवढं पेटलं होतं. तिथं भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. कर खात्याकडं आकडा असतो वर्षाचा. २०१६ पासून त्यांनी दोन्ही जोडलं आणि वर्षाचा आकडा पंधरवड्यांत सारखा वाटून टाकला. जो माणूस सहा महिने बेकार आणि सहा महिने कामावर होता, तो कागदावर वर्षभर निम्म्या पगाराचा झाला आणि बेकारीत घेतलेला भत्ता 'जास्तीचा' ठरला. चार लाखांहून जास्त लोकांवर खोटी वसुली निघाली. 'रोबोडेट' म्हणतात त्याला. कोर्टानं ते बेकायदा ठरवलं, पैसे परत द्यावे लागले, २०२३ मध्ये रॉयल कमिशनचा अहवाल आला. तिथं संगणक चांगले होते, नोंदी स्वच्छ होत्या, तरी हे झालं. आपल्याकडे तर नोंदीच सुनेच्या अंदाजावर.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

त्या पुण्याच्या पोराला मी विचारलं, दोन याद्या जोडल्या आणि एखादं नाव दुसऱ्या यादीत सापडलंच नाही, तर त्याचं काय होतं? तो म्हणाला, काका, ते तुम्ही कसं जोडता त्यावर आहे. एका पद्धतीला 'इनर जॉइन' म्हणतात. त्यात दोन्हीकडे जुळलेलीच नावं उत्तरात येतात. न जुळलेली येतच नाहीत. एरर नाही, लाल खूण नाही, काही नाही. यादीतून नाव नुसतं गळतं. दुसरी पद्धत 'लेफ्ट जॉइन'. त्यात तुमच्या यादीतली सगळी नावं राहतात, आणि ज्याचं पलीकडे काही सापडलं नाही त्याच्यापुढची चौकट कोरी राहते.

मी म्हटलं, मग कोरी चौकट म्हणजे काय समजायचं? गाडी नाही असं, की आम्हाला सापडली नाही असं?

तो हसला. म्हणाला, संगणकात कोरं म्हणजे 'माहीत नाही'. 'नाही' असं नाही आणि 'आहे' असंही नाही. त्याला 'नल' म्हणतात, त्याची शून्याशीही तुलना होत नाही. पण पुढं जो प्रोग्रॅम लिहितो तो त्याचा काहीतरी अर्थ लावतोच. लावावाच लागतो.

मला वाटतं सगळं राजकारण त्या एका चौकटीत आहे. गाडीच्या यादीत नाव सापडलं नाही तर कोऱ्या चौकटीचा अर्थ 'गाडी नाही, पात्र.' आणि आधार-बँकेच्या यादीत नाव सापडलं नाही तर कोऱ्या चौकटीचा अर्थ 'खातं नाही, पैसे थांबवा.' तीच कोरी चौकट, एकदा माणसाच्या बाजूनं वाचली, एकदा विरोधात. हा अर्थ कुणी ठरवला? विधानसभेत चर्चा झाली? शासन निर्णयात लिहिलंय? माझ्या वाचनात तरी नाही. कुठल्या तरी कंत्राटी प्रोग्रॅमरनं शुक्रवारी संध्याकाळी ठरवला असेल, आणि त्यालाही माहीत नसेल की आपण धोरण ठरवतोय.

ई-केवायसीत हे उघड दिसलं. सप्टेंबर २०२५ पासून लाडक्या बहिणीला स्वतःचा आधार आणि त्यासोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार टाकायला सांगितला. उद्देश कळतो, कुटुंबाचं उत्पन्न बघायचं होतं. पण नवरा वारला, बापही वारला, अशी बाई काय टाकणार? चौकट कोरी ठेवली तर पुढचं पान उघडेना. योजना ज्यांच्यासाठी निघाली म्हणतात त्याच बायका दारात अडकल्या. नंतर मुदत वाढवली, मृत्यूचा दाखला नाहीतर घटस्फोटाचा कागद देण्याची सोय केली. सोय झाली ती आरडाओरडा झाल्यावर. फॉर्म करताना खोलीत एखादी अंगणवाडी सेविका बसवली असती तर तिनं पाच मिनिटांत सांगितलं असतं.

शेजारच्या तेलंगणाकडे बघा. तिथं 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा आहे, निरनिराळ्या खात्यांच्या याद्या नाव-पत्त्यावरून जुळवणारी. २०१६ पासून तिथं रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांची प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करा, असा आदेश सुप्रीम कोर्टाला एप्रिल २०२२ मध्ये द्यावा लागला. एका प्रकरणात रिक्षा ओढणाऱ्याच्या विधवेचं धान्य बंद झालं होतं, कारण नवऱ्याच्या नावासारखं नाव असलेल्या कुणाकडं तरी मोटार होती. माणूस जन्मभर रिक्षा ओढून मेला आणि कागदावर मोटारीचा मालक निघाला. आणि हरियाणात सप्टेंबर २०२२ मध्ये १०२ वर्षांच्या एका आजोबांनी रोहतकला चक्क वरात काढली, बँड लावून. सरकारी नोंदीत मेलेले दाखवून पेन्शन बंद केलं होतं म्हणून. हातातल्या फलकावर लिहिलं होतं, 'थारा फूफा अभी जिंदा है.' पेन्शन सुरू झालं. प्रत्येकाला वरात परवडत नाही.

कुणी म्हणेल, मग काय याद्या जोडूच नयेत? चोरांना मोकळं सोडायचं? नाही. आपल्याच राज्यात दोन कर्जमाफ्या झाल्या, त्या शेजारी ठेवून बघा. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतले, बँकांकडून वेगळी माहिती मागवली आणि दोन्ही जुळवायला गेले. जुळेना. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली आणि नंतर याद्यांमधल्या चुकाच मोजत बसावं लागलं. बायकोसह रात्रभर सेतूच्या रांगेत बसलेले शेतकरी मी पाहिलेत, त्यांचे फोटो आजही माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर आहेत. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. बँकेची यादी आधाराला जोडून आधी गावात लावली. मग शेतकऱ्यानं जाऊन अंगठा द्यायचा, समोर दिसणारी रक्कम मान्य की अमान्य सांगायचं. अमान्य असेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं. पैसे त्यानंतर. तिथंही तक्रारी राहिल्या, नियमित फेडणारे तर वेगळ्याच कारणानं चिडले होते, तो विषय निराळा. पण जोडणीपुरतं बोलायचं तर क्रम बरोबर होता. यंत्रानं सुचवलं, माणसाला विचारलं, मग निर्णय.

आता कुणी म्हणेल की कर्जमाफीत पैसे द्यायचे होते, इथं थांबवायचे आहेत. तेच तर म्हणतोय. द्यायच्या वेळी विचारायला वेळ होता आणि काढून घ्यायच्या वेळी नाही, हे उलटं झालं. काढून घेताना जास्त विचारायला हवं.

एक गोष्ट आणखी खटकते. ही सगळी जोडणी वरून खाली बघणारी आहे. १५०० रुपयांच्या बाईमागं परिवहन, आयकर, पुरवठा, महसूल अशी चार कपाटं उघडली. त्याच तत्परतेनं ठेकेदारांची बिलं आणि रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका जोडली का? सहकारी बँकेच्या थकीत कर्जांची यादी आणि संचालकांच्या नातेवाइकांची यादी जोडली का? तंत्र तेच आहे, त्या पुण्याच्या पोराच्या म्हणण्यानुसार त्यात अवघड काहीच नाही.

आपण, म्हणजे तुम्ही आणि मी, उलटी जोडणी करायला गेलो तर दार बंद होत चाललंय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यातल्या कलम ४४(३) नं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा जनहितासाठी द्यावी लागेल, असं त्याच कलमात म्हटलेलं होतं. आता तिथं फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. कलम ८(२) मध्ये जनहिताची वाट अजून आहे, पण ती उघडायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. घरकुलाची यादी मागितली तर 'वैयक्तिक' म्हणून नकार देणं आता सोपं झालंय. सरकार माझ्या दिराची ओम्नी बघू शकतं, मी सरपंचाच्या मेव्हण्याचं घरकुल बघायचं नाही.

पण एक कलम अजून जिवंत आहे, आणि त्याचा वापर आपण करत नाही. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ड). इंग्रजीत डी. ज्याच्यावर प्रशासकीय निर्णयाचा परिणाम झाला त्याला त्या निर्णयाची कारणं देणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. न मागता द्यायची असतात ती. आणि इथं वैयक्तिक माहितीचा प्रश्नच नाही, कारण बाई स्वतःचीच माहिती मागतेय.

म्हणून ज्यांचा हप्ता, धान्य, पेन्शन बंद झालंय त्यांनी 'माझे पैसे का बंद केले' असा मोघम अर्ज करू नका. त्याला 'अपात्र असल्याने' एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. माझं नाव कुठल्या खात्याच्या यादीशी जोडलं? ती यादी कुठल्या तारखेची होती? जोडताना खूण काय धरली, आधार नंबर की नाव-पत्ता? माझ्यासमोर काय सापडलं, गाडी असेल तर तिचा नंबर काय? नाव जुळल्यावर कुणी घरी येऊन खात्री केली का, केली असेल तर कुणी आणि कधी? हे पाच प्रश्न घालून अर्ज द्या. पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

दिराच्या ओम्नीवाल्या ताईंचा अर्ज असाच करून दिलाय, गेल्या सोमवारी. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. रेशनकार्ड फोडायचा अर्जही सोबतच टाकलाय, कारण पुढच्या वर्षी आणखी कुठलं तरी कपाट जोडलं जाईल.

मंगळवार आणि शुक्रवार दुपारी बारा ते दोन मी तहसीलच्या आवारात, झेरॉक्सच्या टपरीजवळ असतो. येताना रेशनकार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक आणा. पासबुकावर शेवटच्या जमा झालेल्या हप्त्याची नोंद छापून आणा, ती फार कामाला येते.